अंगावर पित्त आणि छातीत कळ: ॲलर्जीचा हृदयाला बसणारा फटका ओळखायचा आणि सांभाळायचा कसा

पित्त हा शब्द आपल्याकडे दोन कामं करतो. अंगावर लाल गांधी येऊन खाज सुटली की 'पित्त उठलंय', आणि छातीत जळजळलं, मळमळलं की 'पित्त झालंय'. पहिल्यावर आमसुलाचं पाणी चोळायचं, दुसऱ्यावर थंड दूध नाहीतर सोडा. एरवी यात फारसं बिघडत नाही. पण मधमाशी चावल्यावर, सुई घेतल्यावर किंवा नवी गोळी खाल्ल्यावर तासाभराच्या आत ही दोन्ही 'पित्तं' एकाच माणसाला एकदम झाली, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो, आणि तो ॲलर्जीने आणलेला असू शकतो.

या आजाराला कौनिस सिंड्रोम म्हणतात. ग्रीसमधले डॉक्टर निकोलस कौनिस यांनी १९९१ साली त्याची नीट मांडणी केली. त्याआधी १९५० मध्येच पेनिसिलिनच्या ॲलर्जीत हृदयविकाराचा झटका आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. म्हणजे आजार जुना आहे, पण तो हुकतो. त्वचेकडे बघणारा छातीचं विचारत नाही आणि छातीचा ईसीजी काढणारा अंगावरचा शर्ट बाजूला करून गांधी बघत नाही. घरच्यांनी दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या तर निम्मं निदान तिथेच होतं. सातारा-सांगलीकडे मोहोळं, ऊस, द्राक्षं, डोंगर आणि गावोगावची 'कमरेत एक सुई द्या' ही सवय एकत्र असल्यामुळे हे प्रत्येक घराला माहीत हवं.

आत नेमकं काय होतं

आपल्या शरीरात मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. कातडी, श्वासनलिका, आतडी, जिथे जिथे बाहेरच्या जगाशी संबंध येतो तिथे त्या पहाऱ्यावर असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन, ट्रिप्टेज, कायमेज अशा रसायनांचे बारीक दाणे भरलेले असतात. ॲलर्जी झाली की हे दाणे एकदम फुटतात. कातडीत फुटले की गांधी उठतात, श्वासनलिकेत फुटले की दम लागतो. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की हृदयाच्या स्नायूत आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी रक्तवाहिन्यांच्या भोवतीही या पेशी असतात. करोनरीत चरबीचा थर साचलेला असेल, तर त्या थरात त्या आणखी दाटीने असतात.

तिथे दाणे फुटले की तीन वेगळ्या प्रकारांनी घात होतो. पहिल्या प्रकारात रक्तवाहिनी अगदी स्वच्छ असते, पण हिस्टामिन आणि त्याच्या जोडीची रसायनं तिला आवळतात. नळीला पीळ बसावा तशी ती आकसते आणि पुढे रक्त जात नाही. हे तरुण, धडधाकट माणसालाही होतं, त्यामुळे 'याचं वय काय, याला कुठून ॲटॅक' हा विचार इथे चालत नाही. दुसऱ्या प्रकारात आधीपासून चरबीचा थर असतो. ट्रिप्टेजमुळे त्या थरावरची पातळ टोपी कुरतडणारी रसायनं जागी होतात, टोपी फाटते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद होते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू असणाऱ्यांना या प्रकाराचा धोका जास्त. तिसरा प्रकार स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवलेल्यांचा: ॲलर्जीच्या लाटेत स्टेंटमध्येच गुठळी होते किंवा तो पुन्हा अरुंद होतो.

याखेरीज एक साधा, पण तितकाच घातक मार्ग आहे. तीव्र ॲलर्जीत, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसमध्ये, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गळायला लागतात. दहा मिनिटांत रक्तातला ३५ टक्क्यांपर्यंत द्रव वाहिन्यांबाहेर झिरपू शकतो. विहिरीतलं पाणीच खाली गेल्यावर मोटर कितीही जोरात चालली तरी पाटात पाणी येत नाही, तसं हृदय धडधडत राहतं आणि त्याला स्वतःलाच रक्त मिळत नाही. उपचार ठरवताना हे फार महत्त्वाचं आहे, कारण छातीत दुखतंय म्हणून दिलेलं एखादं औषध इथे रक्तदाब आणखी पाडतं. त्याबद्दल पुढे सविस्तर येतंच.

आपल्या भागात हे कशाकशाने होतं

आधी मधमाश्या. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, त्या भागात पेटीतली सातेरी माशी घरोघर आहे. सातेरी तशी शांत. धोका असतो तो आग्या मोहोळाचा: किल्ल्यांचे कडे, पाण्याच्या टाक्या, पुलांच्या कमानी, उंच वड-उंबर. नदीच्या घाटावर दहाव्याच्या विधीचा धूर वर गेला, उसाचा पाचट पेटवला, कोणी दगड मारला, की आग्या अंगावर येतो. शिवाय गांधीलमाशी आहेच. 'मागच्या वर्षी चावली तेव्हा काही झालं नव्हतं' यावर विसंबू नका. पहिल्या दंशात शरीर नुसती ओळख करून घेतं. बिघाड होतो तो पुढच्या दंशाला.

माणसाला पुष्कळ माश्या चावल्या असतील तर तो आणखी वेगळा प्रश्न आहे. अंगावर पन्नासच्या पुढे काटे दिसले तर ॲलर्जी असो वा नसो, रुग्णालयात ठेवायलाच हवं. एवढं विष स्नायू आणि मूत्रपिंड बिघडवतं, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी लालसर-काळसर झाल्यावर कळतं.

दुसरा मोठा गट औषधांचा. अंगदुखीसाठी घेतलेली डायक्लोफिनॅकची सुई किंवा गोळी, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन. पेनिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रायाक्सोन ही अँटिबायोटिकं. शिरेतून दिलं जाणारं लोह. सीटी स्कॅनच्या वेळी सोडतात ते रंगद्रव्य. 'टेस्ट डोस दिला, काही आलं नाही' म्हणजे पूर्ण डोस सुरक्षित, असं अजिबात नाही. सुई घेतल्यावर निदान अर्धा तास दवाखान्याच्या बाकावरच बसा. सुईची ॲलर्जी सगळ्यात वेगाने वाढते. इंग्लंडमध्ये ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा अभ्यास झाला तेव्हा हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मध्यम वेळ औषधांच्या बाबतीत फक्त ५ मिनिटं, दंशाच्या बाबतीत १५ आणि अन्नाच्या बाबतीत ३० मिनिटं निघाला. या आकड्यांवरूनच घाई कुठे किती करायची ते ठरवा.

सापाच्या विषावरची लस घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे तिचीही जोरदार ॲलर्जी येऊ शकते. म्हणून ती ॲड्रेनलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचं पहिलं औषध, भरून हाताशी ठेवूनच द्यायची असते. पण ॲलर्जीच्या भीतीने लस टाळणं चूक आहे. साप विषारी असेल आणि विषबाधेची लक्षणं दिसत असतील तर लस हाच उपाय.

विंचू मात्र या यादीत घालू नका. विंचवाच्या दंशानेही हृदयावर ताण येतो, घाम फुटतो, हातपाय गार पडतात, पण तो ॲलर्जीचा प्रकार नाही. विष मज्जासंस्थेला भडकवतं. त्यावर प्राझोसिन हे औषध लागतं, आणि त्याचा वापर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगासमोर आणला. काय चावलं हे बघून सांगणं म्हणूनच गरजेचं आहे.

ओळखायचं कसं

छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखं, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, घाम, गळाल्यासारखं होणं ही झटक्याची नेहमीची लक्षणं. त्यांच्या जोडीला यांतलं काही शोधा: तळहात-तळपाय किंवा डोक्याची कातडी खाजणं, गांधी, ओठ-पापण्या सुजणं, आवाज घोगरा होणं, श्वासात शिट्टी वाजणं, पोटात मुरडा येऊन अचानक शौचाला लागणं, उलटी. 'काहीतरी वाईट होणार आहे असं वाटतंय' असं रुग्ण स्वतःहून म्हणाला तर त्याला घाबरट ठरवू नका. ॲनाफिलॅक्सिसचं ते खरंखुरं लक्षण आहे.

गांधी नाहीत म्हणजे ॲलर्जी नाही, असंही नसतं. दहातल्या एक-दोन रुग्णांत कातडीवर काहीच उठत नाही. दाब फार पडला असेल तर कातडीपर्यंत रक्तच पोचत नाही, माणूस पांढराफटक दिसतो आणि सलाईन चढून दाब वर आल्यावर मग गांधी दिसू लागतात. त्यामुळे मागच्या एक-दोन तासांत काय चावलं, काय टोचलं, काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, हा प्रश्न छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा.

घरी बीपीचं मशीन असेल तर लावा. वरचा आकडा ९० च्या खाली, किंवा नेहमीपेक्षा ३० टक्के कमी म्हणजे धोका. ज्याचं नेहमी १४० असतं त्याचं ९८ आलं तर 'नॉर्मलच आहे की' म्हणू नका. त्याच्यासाठी ते कमी आहे. मात्र मशीन शोधत बसण्यात पाच मिनिटं घालवू नका.

पहिली दहा मिनिटं

माश्या मागे लागल्या असतील तर आधी तिथून निघा. तोंड-डोकं कापडाने झाका आणि सरळ पळत बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. हात हलवून माश्या मारू नका, चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या आणखी चेकाळतात. विहिरीत किंवा तळ्यात उडी मारणं ही जीवघेणी चूक आहे. माश्या पाण्यावर घिरट्या घालत थांबतात, आणि चक्कर आलेला माणूस बुडतो.

आता काटा. मधमाशीचा काटा कातडीत रुततो आणि माशी उडताना तिच्या पोटातली विषाची पिशवीही मागे राहते. बारकाईने बघितलं तर काट्याच्या टोकाला पांढरट ठिपक्याएवढी पिशवी हलताना दिसते. माशी गेली तरी ती विष आत ढकलत असते, आणि बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटातच जातं. त्यामुळे नख, एटीएम कार्ड, चिमटा यांपैकी कशाने काढायचा यावर वाद घालू नका. जे हाताशी असेल त्याने लगेच काढा. गांधीलमाशी काटा मागे ठेवत नाही, तिथे शोधत बसू नका. चुना, माती, लोखंड घासणं यात वेळ घालवू नका. सुई किंवा सलाईनमुळे त्रास सुरू झाला असेल तर ते औषध तिथल्या तिथे बंद करायला सांगा.

मग माणसाला आडवं करा. पाठीवर झोपवा, पायाखाली पोतं, उशी, बॅग असं काही घालून पाय फूटभर उंच करा. दम फार लागत असेल तर पाठ टेकवून बसवा, पण पाय लांब सरळ ठेवा. उलटी होत असेल तर कुशीवर. गरोदर बाई डाव्या कुशीवर. आणि बरं वाटलं तरी उठून चालू देऊ नका, शौचाला सुद्धा. दाब पडलेला असताना माणूस एकदम उभा राहिला की उरलंसुरलं रक्त पायात उतरतं, हृदय रिकामं होतं आणि ते काही सेकंदांत थांबू शकतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. वाडीवर गाडी नसते, म्हणून चक्कर आलेल्याला दुचाकीवर दोघांच्या मध्ये ताठ बसवून घाट उतरवतात. पसरणी असो की केळघर, प्रत्येक वळणावर त्याची मान लोंबकळत असते आणि मागचा 'धीर धर' म्हणत असतो. करणाऱ्यांची माया खरी असते, पण या आजारात ताठ बसवून नेणं हेच घातक. जीप, टेम्पो, ट्रॅक्टरची ट्रॉली, काहीही चालेल, पण त्यात झोपवून न्या.

१०८ ला फोन लावा आणि या क्रमाने सांगा: गाव आणि जवळची खूण, 'ॲलर्जीची रिॲक्शन आहे आणि छातीतही दुखतंय', शुद्ध आहे की नाही, काय चावलं किंवा टोचलं. ॲड्रेनलिन आणि ईसीजी असलेली गाडी मागा. गाडीला वेळ लागणार असेल तर ॲड्रेनलिन देऊ शकणारा सगळ्यात जवळचा दवाखाना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र आधी गाठा. माण-खटाव, जत, आटपाडी किंवा कोयनेच्या खोऱ्यातून थेट सातारा, कराड, मिरज गाठायचा हट्ट करू नका. पहिली सुई जवळ, अँजिओग्राफी लांब, हा क्रम.

घरातल्या गोळ्यांचं काय? हृदयरोगी असलेल्या घरात झटक्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आणि चघळायची ॲस्पिरिन असतेच, आणि एरवी ते बरोबर आहे. पण ॲलर्जीची लक्षणं जोडीला असतील तर दोन्ही थांबवा. सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते. दाब आधीच पडलेला असेल तर माणूस तिथेच कोसळतो. ॲस्पिरिन स्वतःच ॲलर्जीचं कारण असू शकते, आणि वेदनाशामक गोळीने किंवा सुईने त्रास सुरू झाला असेल तर ती आगीत तेल ओतते. या गोळ्या रुग्णालयात ईसीजी आणि दाब बघून डॉक्टर देतील. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर सेट्रिझिनची गोळी चालेल, पण तिने खाज कमी होते. हृदय, श्वास किंवा दाब यांसाठी तिचा भरवसा धरू नका.

माणूस बेशुद्ध पडला, हाक मारून हलत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून दाबायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२०, दर वेळी ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. गाडी येईपर्यंत आळीपाळीने, न थांबता.

ॲड्रेनलिन: अर्धा मिली, मांडीत

ॲनाफिलॅक्सिसचं पहिलं औषध एकच आहे. तरीही अनेक ठिकाणी आधी 'एव्हिल-डेक्सा' टोचलं जातं आणि ॲड्रेनलिन शेवटी आठवतं. एव्हिल हिस्टामिनला अडवतं, पण वाहिन्यांची गळती आणि श्वासनलिकेची सूज त्याने थांबत नाही, आणि शिरेतून भसकन दिलं तर दाब आणखी उतरू शकतो. डेक्सामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन ही स्टेरॉइडं काही तासांनी काम करतात. ती नंतर द्यायला हरकत नाही, पण आधी नाही.

बोटाच्या पेराएवढी काचेची अँप्युल, आत पाण्यासारखं स्वच्छ औषध, वर लिहिलेलं असतं १ मिलीत १ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला त्यातलं अर्धं, म्हणजे ०.५ मिली. मुलांना किलोमागे ०.०१ मिली: २० किलोच्या पोराला ०.२ मिली, आणि जास्तीत जास्त ०.३ मिली. जागा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघा आणि खुबा यांच्या मधोमध, स्नायूत. दंडात किंवा कातडीखाली दिलं तर ते रक्तात उशिरा पोचतं. सुई इंचभर लांब हवी. इन्सुलिनची सिरिंज हाताशी असते म्हणून वापरतात, पण तिची सुई आखूड, औषध चरबीतच राहतं. फरक पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांनी तेवढीच मात्रा पुन्हा.

'छातीत दुखतंय, मग ॲड्रेनलिन कसं द्यायचं? त्याने हृदयावर ताण येईल' ही शंका डॉक्टरांनाही पडते, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही, कारण ॲड्रेनलिन करोनरी आवळू शकतं. पण दाब पडलाय, श्वास अडकतोय, घसा सुजतोय अशा वेळी ते न देण्याचा धोका कितीतरी मोठा आहे. मांडीत, योग्य मात्रेत, ते द्यायचंच. फक्त अंगावर गांधी आहेत, दाब-श्वास ठीक आहे आणि ईसीजीत बदल दिसतोय, अशा रुग्णात मात्र डॉक्टर तोलून-मापून ठरवतील. खरा घात होतो तो हीच तीव्र अँप्युल न पातळ करता थेट शिरेत ढकलल्यावर: करोनरी आवळते, ठोके बेताल होतात, रक्तदाब गगनाला भिडतो. हे कोणत्याही दवाखान्यात होता कामा नये.

ज्यांना एकदा गंभीर रिॲक्शन येऊन गेली आहे आणि जे दवाखान्यापासून लांब राहतात, त्यांनी डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन, घरातल्या दोघांना अँप्युल फोडण्यापासून सुई देण्यापर्यंत त्यांच्याच समोर शिकवून, संच घरी ठेवावा. परदेशात मिळतं तसं आपोआप टोचणारं पेन आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. संच २५ अंशांच्या आत, उजेडापासून दूर ठेवा. शेतात फिरणाऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच. औषध गुलाबी किंवा तपकिरी झालं असेल तर टाकून द्या.

रुग्णालयात काय सांगायचं आणि काय मागायचं

दारातच एक वाक्य म्हणा: 'अमुक वाजता माशी चावली, इतक्या मिनिटांनी अंगावर उठलं, इतक्या मिनिटांनी छातीत कळ आली.' त्याच्या पुढे कोणती औषधं चालू आहेत ते. विशेषतः ज्यांच्या नावाच्या शेवटी 'लोल' येतं ती: मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, प्रोप्रानोलोल. ही बीटा ब्लॉकर औषधं ॲड्रेनलिनला काम करू देत नाहीत. दोन डोस देऊनही दाब वर येत नसेल तर डॉक्टर ग्लुकागॉन वापरतात, प्रौढाला १ ते ५ मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश. अर्थात, घरी या गोळ्या मनाने बंद करू नका.

ईसीजी पोचल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा, आणि एक निघाला म्हणून संपलं नाही. आवळलेली वाहिनी मधेच सुटते, तेवढ्यात काढलेला ईसीजी सरळ येतो आणि वीस मिनिटांनी पुन्हा बिघडतो. म्हणून कळ असेपर्यंत तो पुन्हा पुन्हा काढतात. या आजारात उजवी करोनरी बऱ्याचदा सापडते, त्यामुळे बदल हृदयाच्या खालच्या बाजूच्या लीड्समध्ये, म्हणजे दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये दिसतात. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी, पहिल्या तासात नॉर्मल येऊ शकतं, म्हणून काही तासांनी दुसरं लागतंच. 'एक रिपोर्ट चांगला आला, घरी न्या' हे ऐकलं तर शांतपणे विचारा: दुसरं ट्रोपोनिन कधी करायचं?

ॲलर्जीचा पुरावा म्हणजे रक्तातलं ट्रिप्टेज. त्याचा नमुना लक्षणं सुरू झाल्यापासून एक-दोन तासांत, उशिरात उशिरा चार तासांत काढावा लागतो. पुढे पातळी उतरते. तपासणी बहुतेक वेळा बाहेर पाठवावी लागते, पण रक्त वेळेवर काढून सिरम गोठवून ठेवलं तर काम भागतं. दुसरा नमुना २४ तास उलटून गेल्यावर, तुलनेसाठी. घाईत हे राहून जातं, म्हणून नातेवाइकांनी आठवण करून दिली तर बिघडत नाही.

उपचारात डॉक्टरांना दोन्ही आघाड्या एकदम सांभाळाव्या लागतात, आणि इथे काही नेहमीची औषधं उलटतात. मॉर्फिन वेदनेवर छान, पण ते मास्ट पेशींचे दाणे स्वतःच फोडतं, म्हणून फेंटानिल बरं. सॉर्बिट्रेटच्या जातीचं नायट्रोग्लिसरिन दाब चांगला असेल तरच. वाहिनी आवळली असेल तर ती सैल करणारी कॅल्शियम चॅनल ब्लॉकर औषधं कामी येतात. सलाईन मोकळ्या हाताने, पण हृदयाची ताकद इकोवर बघत. गुठळी विरघळवणाऱ्या औषधांतलं स्ट्रेप्टोकायनेज जिवाणूपासून मिळतं आणि त्याचीच ॲलर्जी येते, हे छोट्या रुग्णालयात विशेष लक्षात ठेवण्यासारखं. शक्य असेल तिथे अँजिओग्राफी करून नुसता पीळ आहे की खरी गुठळी, हे बघणं उत्तम. अँजिओग्राफी करतात ती कॅथलॅब चोवीस तास कुठे चालू असते, हे आज, आपलं सगळं ठीक असताना, विचारून घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

निदान २४ तास तरी देखरेखीखाली राहा. ॲलर्जीची दुसरी लाट काही तासांनी, क्वचित दोन-तीन दिवसांनीही येते, तीही पुन्हा माशी न चावता.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या कागदावर 'औषधाची ॲलर्जी' एवढंच लिहिलेलं असेल तर परत जाऊन औषधाचा मूळ घटक लिहून घ्या. डायक्लोफिनॅक फक्त एकट्यानेच विकलं जात नाही, ते पॅरासिटामॉलबरोबर, स्नायू सैल करणाऱ्या औषधांबरोबर, मलमात, डोळ्यांच्या थेंबातही असतं, आणि प्रत्येकाचं ब्रँडनाव वेगळं. दुकानदाराला ब्रँड नव्हे, घटक दाखवायचा. चार ते सहा आठवड्यांनी ॲलर्जीतज्ज्ञांकडे तपासणी करा. त्याआधी केली तर खोटी 'नाही' येऊ शकते. मूळ कारण सापडेपर्यंत वेदनाशामक स्वतःच्या मनाने घेऊ नका. स्टेंट असलेल्यांनी क्लोपिडोग्रेलसारख्या गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांनी पुरळ आलं तरी गोळी परस्पर बंद न करता त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावं. गोळी थांबली तरी स्टेंट बंद होतो आणि ॲलर्जीनेही होतो, त्यामुळे बदलून दुसरी देणं हाच मार्ग असतो.

मोहोळाजवळ काम करणाऱ्यांनी, मध काढणाऱ्यांनी आणि गडावर जाणाऱ्यांनी एकट्याने जाऊ नये. उग्र अत्तर, गडद कपडे टाळावेत. आणि पाकिटात, आधारकार्डाच्या मागे, एक चिठ्ठी ठेवावी, मराठीत, ठळक अक्षरात: 'मला मधमाशीची तीव्र ॲलर्जी आहे. कोसळलो तर आडवं झोपवा, पाय वर करा, बसवून नेऊ नका. ॲड्रेनलिन ०.५ मिली मांडीत. ईसीजी काढा. चालू औषधं: …' शेवटची ओळ पेन्सिलने लिहा आणि गोळ्या बदलल्या की त्याच दिवशी खोडून नव्याने लिहा.